ग्राफिक्स कार्ड पारखा मे महिन्याच्या हिशेबाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनचे पैसे हातात येतात, दिवाळीच्या सवलती सुरू होतात आणि त्याच दिवसांत आपल्या भागातल्या अनेक घरांत गेमिंगसाठी संगणक घेण्याची चर्चा रंगते. त्यातला सगळ्यात महाग भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. मध्यम पट्ट्यातले कार्डही साधारण पंचवीस ते पन्नास हजारांच्या घरात जाते. निवड होते ती यूट्यूबवरची आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतली परीक्षणे पाहून. ही परीक्षणे खोटी नसतात, पण ज्या खोलीत ती होतात ती आपली खोली नसते. तिथे एसी असतो, २२ ते २५ अंश तापमान असते, वीज स्थिर असते आणि कार्ड त्याच दिवशी डब्यातून काढलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि टिनाच्या घराचे तर विचारूच नये. अशा खोलीत कार्ड कसे चालेल हे परीक्षणातून कळत नाही. ते घरी कसे तपासायचे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर बसलेले असते. पंख्याचा वेग आणि कार्ड खात असलेली वीज तेवढीच असेल, तर खोली एका अंशाने तापली की कार्डही जवळपास एका अंशाने तापते. म्हणून ‘हे कार्ड ७० अंशांवर चालते’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. खोली २४ अंश असताना ७० असेल, तर फरक ४६ चा. आम्ही म्हणतो, हा फरकच वहीत लिहून ठेवावा. नोव्हेंबरात काढलेला हा ४६ चा फरक मेमध्ये कूलर लावलेल्या ३४ अंशांच्या खोलीत कार्डाला ८० वर नेईल. लाइन गेली, कूलर बंद पडला, संगणक इन्व्हर्टरवर राहिला आणि खोली ४० वर गेली, तर हिशेब ८६ चा येतो. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांत मूळ मर्यादा ८३-८४ अंशांची असते. तिथे पोहोचण्याआधी पंखे ओरडू लागतात, आणि तरी भागले नाही तर कार्ड स्वतःचा वेग उतरवते. एएमडीची कार्डे चिपवरच्या सर्वात तापलेल्या जागेला ११० अंशांपर्यंत चालू देतात, त्यामुळे तो आकडा ९५ दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. पण नोव्हेंबरातच ९५ असेल, तर मेसाठी हाती काही शिल्लक राहत नाही.

हा फरक नीट काढायचा तर घाई चालत नाही. कॅबिनेटची बाजूची पाटी बंद ठेवावी. साधा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या समोर, जिथून हवा आत ओढली जाते तिथे ठेवावा. भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरचा इथे उपयोग नाही. मग जड गेम सलग तीस मिनिटे चालवावा. पहिली पंधरा मिनिटे हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर सोडणारा धातूच्या पत्र्यांचा ठोकळा) आणि कॅबिनेटमधली हवा तापण्यातच जातात, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांचे आकडे धरावेत. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो ही दोन्ही साधने फुकट मिळतात. त्यात कार्डाचे तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सर्वात तापलेली जागा), घड्याळवेग (क्लॉक स्पीड), पंख्याचे फेरे आणि वॉट, एवढे पाच आकडे पाहावेत. घड्याळवेग पाचव्या मिनिटाला जेवढा होता तेवढाच तिसाव्या मिनिटाला राहिला, तर कार्ड थंड राहण्यात पास झाले. हॉटस्पॉट जिथे दिसतो तिथे तो कार्डाच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असणे साहजिक आहे. नव्या कार्डात हे अंतर पंचवीस-तीसच्या पुढे असेल, तर चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट नीट बसलेली नाही किंवा हीटसिंक तिरपा कसला गेला आहे. असे कार्ड बदलून मागावे. या चाचणीसाठी फरमार्क वापरू नये. खऱ्या खेळात कधी येत नाही असा भार ते टाकते.

गेम कोणता, हेही महत्त्वाचे आहे. व्हॅलोरंटमध्ये सेकंदाला तीनशे फ्रेम (चित्रे) आल्या म्हणून कार्ड चांगले ठरत नाही. तो हलका गेम आहे आणि त्यात बहुतेक काम प्रोसेसरच करतो. सायबरपंक २०७७ सारख्या जड गेममध्ये अंगभूत बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) आहे. तो तीनदा चालवावा, पहिला निकाल सोडून द्यावा आणि सरासरीपेक्षा ‘१ टक्का लो’, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमांचा वेग, हा आकडा पाहावा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी ९० असून १ टक्का लो ३० असेल, तर मधूनमधून एकेका फ्रेमला ३३ मिलिसेकंद लागत आहेत, आणि डोळ्याला खुपतो तो हाच झटका. सरासरी ७५ आणि लो ६० असलेले कार्ड आमच्या मते केव्हाही बरे.

झटक्यांचे एक मोठे कारण कार्डावरची मेमरी. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० आणि आरएक्स ७६०० या तिघांतही ८ जीबी आहे. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर जुन्या खेळांना ती पुरते, पण नव्या खेळांत टेक्श्चर (पृष्ठभागांवरच्या चित्रांचा बारकावा) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवले की कमी पडते. मेमरी भरली की उरलेला माल मदरबोर्डवरच्या रॅममधून ये-जा करू लागतो, आणि इथे जुन्या संगणकांची अडचण होते. वरची तिन्ही कार्डे आणि इंटेलचे आर्क बी५८० मदरबोर्डशी माल ने-आण करायला फक्त आठ लेन (वाटा) वापरतात. पीसीआयई (कार्ड बसते तो स्लॉट) ४.० पिढीचा असलेल्या बोर्डावर आठ लेनमधून सेकंदाला साधारण १६ जीबी माल जातो, ३.० च्या बोर्डावर त्याच्या निम्मा. बी४५० बोर्ड, इंटेलची दहावी पिढी आणि रायझन ५६००जी हे सगळे ३.० वालेच. ५६००जी तर नव्या बी५५० बोर्डावर बसवला तरी ३.० वरच चालतो, हे दुकानात फार कमी वेळा सांगितले जाते. अशा संगणकात ८ जीबीचे कार्ड घ्यायचेच असेल, तर टेक्श्चर एक पायरी खाली ठेवण्याची तयारी हवी. नाहीतर १२ किंवा १६ जीबीचे घ्यावे: आरटीएक्स ३०६० चे १२ जीबीचे रूप, आरएक्स ९०६० एक्सटीचे १६ जीबीचे रूप. ही दोन्ही सोळा लेनची आहेत. आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी मिळते, पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिसायझेबल बार’, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू लागते. ऑफिसांतून निघालेल्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या जुन्या संगणकांत ती सोय नसते, आणि ती नसली की हे कार्ड फार मागे पडते.

डब्यावरच्या फ्रेमच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत एका खऱ्या फ्रेममागे तीन तयार केलेल्या फ्रेम घुसवता येतात. म्हणजे १२० दिसल्या तरी खऱ्या ३० च असू शकतात, आणि माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या ३० चाच असतो. तुलना करताना ही सोय बंद ठेवून आकडे घ्यावेत.

आता विजेकडे येऊ. कार्ड कमी वीज खाणारे असावे हा आमचा आग्रह बिलासाठी नाही. आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ११५ वॉट, ५०६० ची १४५, आरएक्स ७६०० ची १६५, बी५८० ची १९०. ११५ आणि १९० मधले ७५ वॉट म्हणजे छताचा एक जुना पंखा. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत पसरते, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतून जाते ती वेगळीच. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरमधली हानी आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची काळजी धरली, तर हाती हजार-अकराशे उरतात. संगणक ३०० वॉट, कूलर २००, पंखा आणि दिवा मिळून आणखी पन्नास-साठ धरले, तर दोन तासांच्या आत बॅटरी खाली येते.

घरच्या इन्व्हर्टरवर दोन स्थितींची कळ असते. ती साध्या स्थितीत असेल, तर लाइन जाताच बॅटरीवर यायला त्याला चाळीस मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. संगणकाचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. त्यामुळे गेम चालू असताना लाइन गेली की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दोष मात्र कार्डाला मिळतो. कळ ‘यूपीएस’वर ठेवली की बदल लवकर होतो. पण त्या स्थितीत व्होल्टेज १८० च्या खाली गेले की इन्व्हर्टर सरळ बॅटरी घेतो. जिथे गावठाण आणि शेतीपंप एकाच डीपीवर आहेत, तिथे हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत रात्री व्होल्टेज इतके पडते की लाइन असूनही बॅटरी उतरते. यावर उपाय एसएमपीएस निवडतानाच करावा. त्याच्या चिकटपट्टीवर इनपुट ‘१००-२४० व्होल्ट’ असे हवे. ‘२००-२४०’ लिहिलेला एसएमपीएस १७० वर तग धरत नाही. आणि शंभरपासूनचा, अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारे सर्किट) असलेला एसएमपीएस घेतला, तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर असे एसएमपीएस कधी गुणगुणतात, कधी बदलाच्या क्षणी बंद पडतात.

त्याच चिकटपट्टीवरचा दुसरा आकडा म्हणजे १२ व्होल्टच्या ओळीतले अँपिअर. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ‘४५० वॉट’ असते, आणि १२ व्होल्टच्या ओळीत १५ अँपिअर. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर दोघांना मिळून खरे १८० वॉट. ४०६० साठी कंपनीच ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. त्यात १२ व्होल्टवर तीस अँपिअरच्या पुढे आणि आठ पिनची स्वतंत्र पीसीआयई तार असावी. तार नाही म्हणून साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या जोडावरून) सहा किंवा आठ पिन काढून देणारा जोड कधीही लावू नये. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट देण्यासाठी बनलेला आहे. सहा पिनला ७५ वॉट लागू शकतात आणि आठ पिनला १५०. प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग वितळून पिनांना चिकटते, आणि कार्डाची सॉकेटही जाते.

बिघाड कुठला हे लक्षणांवरून बरेचसे कळते. गेम जड झाला की संगणक निळा पडदा न दाखवता एकदम बंद होऊन सुरू झाला आणि विंडोजच्या नोंदीत फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडले, तर आधी एसएमपीएस आणि अर्थिंग पाहावे. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेघा उमटल्या, तर संशय कार्डाच्या मेमरीवर. नवे कार्ड बसवल्यावर पडदा काळाच राहिला, तर मॉनिटरची तार मदरबोर्डच्या एचडीएमआयला लागली आहे का ते आधी बघा. ही चूक सगळ्यात जास्त होते.

अर्थिंगचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, याचे कारण एसएमपीएसमधले फिल्टर. अर्थ नसेल तर ते पत्र्यावर जवळपास अर्धे व्होल्टेज, म्हणजे ११० च्या आसपास आणून ठेवतात. प्रवाह थोडा असतो, पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय तार कार्डाला लावली की पोर्ट जळू शकतो. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते. म्हणून मार्चपासून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकावे.

धुळीचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे, आणि परीक्षणांत तो कुठेच नसतो. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवला जातो, बहुधा संगणक असतो त्याच्या शेजारच्या खोलीत. रुईचे तंतू पंख्याने ओढले जातात, पात्यांवर न थांबता मागच्या हीटसिंकच्या पत्र्यांवर बसतात आणि पंधरवड्यात तिथे नमद्यासारखा पापुद्रा तयार होतो. समोरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो. टॉर्च तिरपा धरून पात्यांच्या फटीतून पाहिले, तरच तो राखाडी थर दिसतो. सोयाबीन-तुरीच्या मळणीत हडंब्याचे कुटार उडते ते आणखी वेगळे. इथे वहीतला आकडा कामी येतो: तोच गेम, तेवढेच वॉट, आणि फरक ४६ वरून ५५ च्या पुढे गेला, तर कार्ड बिघडलेले नाही, कोंडले आहे.

साफ करताना संगणकाची पिन काढावी, कार्डाचे स्क्रू सोडवावेत, स्लॉटच्या टोकाची खुंटी दाबून मगच कार्ड सरळ वर ओढावे. एक इंची रंगाचा कोरडा ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरतो. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते मोकळे भरभर फिरले तर बेअरिंग जाते आणि उलटी वीज कार्डात जाऊ शकते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नये, त्याच्या टाकीतले पाणी हवेसोबत येते. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलावी. त्या वेळी मेमरीवरचे रबरी पॅड फाटले, तर जेवढ्या जाडीचे होते तेवढ्याच जाडीचे लावावेत. एक मिलिमीटरच्या जागी दीडचे लावले, तर हीटसिंक उचलला जातो आणि मधली मुख्य चिप त्याला टेकतच नाही. नवी पेस्ट लावूनही कार्ड आधीपेक्षा जास्त तापते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच निघते.

कूलर चालू ठेवावा, पण कॅबिनेट त्याच्या झोतात नसावे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर हे कटाक्षाने पाळावे. तिथल्या बोअरचे पाणी वाळ्यावरून उडून आत येते तेव्हा सोबत मीठ आणते. पाण्याचे कण वाळले की बोर्डावर पांढरट थर राहतो, आणि पावसाळ्यात तोच ओल धरून तांबे खातो. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या ठेवू नयेत, पाल आत शिरते. आणि संगणक एसटीने किंवा दुचाकीवर न्यायचा असेल, तर कार्ड काढून वेगळे न्यावे. एक किलोचे कार्ड स्लॉटमध्ये लटकत खड्ड्यांतून गेले तर स्लॉटजवळ बोर्डाला चीर जाते.

या सगळ्यावरून आमचा कल स्पष्टच आहे. एकाच चिपची दोन कार्डे समोर असतील, तर रंगीत दिवे आणि वाढवलेल्या घड्याळवेगासाठी पैसे न देता मोठ्या हीटसिंकसाठी द्यावेत. एका पंख्याचे छोटे कार्ड आपल्या भागात घेऊच नये. घेतल्यावर एमएसआय आफ्टरबर्नर या साधनात पॉवर लिमिट (विजेची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणावी. फ्रेम थोड्याच कमी होतात, तापमान मात्र चांगले उतरते. मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल, तर फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी.

जुने कार्ड घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते सोडवून चलन कमावणे) थांबले आणि त्यात रात्रंदिवस चाललेली कार्डे बाजारात उतरली. ती अजून फिरत आहेत. पॅडमधून गळालेले तेल, काळवंडलेले हीटसिंक, ओरखडलेले स्क्रू पाहावेत. नावावर विश्वास ठेवू नये. आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर (चिपमधले गणित करणारे छोटे घटक) असतात, त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या एका रूपात २०४८. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीच्या रूपात मेमरीची वाट १९२ बिट रुंद आहे आणि ८ जीबीच्या रूपात १२८ बिट, तरी नाव एकच. जीपीयू-झेडमध्ये हे आकडे एका खिडकीत दिसतात, आणि बायोस बदलून विकलेले बरेचसे नकली एनव्हिडिया कार्डही ते ओळखते. कार्डावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळवावा आणि तीस मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत यापुढे ग्राफिक्स कार्डाचे परीक्षण छापाल तेव्हा त्यात चार आकडे जरूर द्यावेत ही विनंती: चाचणीच्या खोलीचे तापमान, अर्ध्या तासानंतरचे कार्डाचे तापमान, तेव्हाचे वॉट आणि १ टक्का लो. खोलीचा आकडा मिळाला की बाकीची बेरीज-वजाबाकी आमच्याकडची मुले स्वतः करतील.

आपले,
संगणक जोडणी व दुरुस्ती करणारे दोन वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ